खाडाखोडीची वही

मुलुंडच्या एका मराठी शाळेत मी एकतीस वर्षं शिपाईकाम केलं. कागदावर माझं पद सेविका, हाक मारायला मावशी. माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही कोकणात, एका खोलीच्या शाळेत. वाचता येतं, लिहिता येतं, सही ठसठशीत करते. पुढचं सगळं वाचन सूचना वहीतलं.

मोठ्या बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकांना, शिक्षकांना काही कळवायचं असलं की त्या सूचना वहीत लिहायच्या. ती घेऊन मी वर्गावर्गात जायचे. शिकवणारा खडू खाली ठेवायचा, वाचायचा आणि सही करायचा. काही जण न वाचताच सही करायचे. मग मी दारातूनच म्हणायचे, "सर, उद्या सकाळी सातला यायचंय असं लिहिलंय त्यात." की वही परत मागून वाचायचे. मी स्वतः जिन्यातच वाचलेली असायची. शाळेतली प्रत्येक बातमी सगळ्यांत आधी मला.

मग फोनवर शाळेचा ग्रुप आला आणि वही कपाटात गेली. अर्धी कोरीच होती. आता मोठ्या बाई ग्रुपवर लिहायच्या आणि शिक्षक खाली अंगठा टाकायचे. मला हसू यायचं. आमच्या गावात सही न येणारे अंगठा द्यायचे, इथे बी.एड. झालेले देत होते.

अंगठा न देणारी एकच बाई होती. इतिहास-भूगोलाची. दहावीची वर्गशिक्षिका, पन्नाशीच्या पुढची होती तेव्हा. ग्रुपवर सूचना आली की ती एका कागदावर 'वाचले' असं लिहायची, खाली पूर्ण सही, तारीख, आणि त्या कागदाचा फोटो काढून ग्रुपवर टाकायची. दर वेळी. सुट्टीच्या सूचनेलाही. पी.टी.चे सर शिक्षक-खोलीत म्हणायचे, "बाई, शिक्का पण मारा ना, राहिला तेवढा!" त्या म्हणायच्या, "तुम्ही अंगठा देता, आम्ही काही बोललो का?"

बाईंचं अक्षर छापल्यासारखं. त्यांचा कॅटलॉग, म्हणजे वर्गाची हजेरी आणि गुणांचं मोठं पुस्तक, तपासणीला कोणी आलं की मोठ्या बाई आधी तोच पुढे करायच्या. तीस वर्षांत त्यात एक खाडाखोड नाही. गैरहजेरीची लाल फुलीसुद्धा चौकटीच्या बरोबर मध्ये. मी तो कॅटलॉग उचलायचे तेव्हा हात आधी पदराला पुसायचे. दुसऱ्या कुणाच्या कॅटलॉगला मी तेवढा मान दिला नाही. एका सरांच्या कॅटलॉगवर तर चहाच्या कपाची गोल खूण होती.

शिक्षकांना कॉम्प्युटर यावा म्हणून प्रशिक्षणं झाली. एकदा सगळ्यांना पवईकडच्या कुठल्याशा कॉलेजात दोन दिवस नेलं. येताना प्रत्येकाच्या हातात एक कापडी पिशवी आणि एक प्रमाणपत्र. मी बाईंना विचारलं, "काय शिकवलं?"

"एक मुलगी होती शिकवायला. भराभर करून दाखवायची आणि म्हणायची, समजलं ना?"

"समजलं?"

"सगळ्यांनी माना हलवल्या."

"तुम्ही विचारायचं ना, नाही समजलं म्हणून."

"चाळीस शिक्षक बसलेत मावशी. कोण हात वर करणार?"

हे मी तेव्हाच ओळखलं. जन्मभर दुसऱ्याच्या चुकांवर लाल शाई ओढलेल्या माणसाला स्वतः चुकताना कुणी बघणं नको असतं. माझं तसं नव्हतं. मुलीने मला फोन दिला तेव्हा मी पहिल्या दिवशी गणपतीची आरती सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवाल्या ग्रुपवर पाठवली. दुसऱ्या दिवशी व्याह्यांना माझ्या पायाचा फोटो गेला. लोक हसले. मला कुणी शहाणी समजतच नव्हतं, त्यामुळे माझं काही बिघडलं नाही. महिनाभरात मी फोनवरून गॅसचा नंबर लावायला लागले.

मी साठीला निवृत्त झाले. माझ्या जागी नवं कोणी आलं नाही, म्हणून संस्थेने मलाच रोजावर परत बोलावलं. त्याच वर्षी हे घडलं. करोना संपून शाळा नीट भरायला लागल्या होत्या. दहावीच्या मुलांचे तोंडी परीक्षेचे आणि प्रकल्पांचे गुण आता वर्गशिक्षकाने कॉम्प्युटरवर भरायचे होते. त्रेचाळीस मुलं, प्रत्येकाचे सहा आकडे. शनिवारी पाच वाजेपर्यंत.

बाकी दोन तुकड्यांचे गुण मंगळवारीच भरून झाले. पी.टी.च्या सरांनी तर वडापाव खात भरले. बाई सोमवारपासून रोज शाळा सुटल्यावर कॉम्प्युटरच्या खोलीत बसत होत्या. खोलीची किल्ली माझ्याकडे. त्या उठल्याशिवाय मला कुलूप लावता येत नव्हतं. मी बाहेर बाकावर बसून पाय चोळायचे. साडेसहाला त्या बाहेर यायच्या आणि म्हणायच्या, "उद्या होईल."

बुधवारी दुपारी त्यांनी मला एक पाकीट दिलं. "मावशी, हे ऑफिसात द्या. क्लार्कच्या हातात."

पाकीट चिकटवलेलं नव्हतं. मी जिन्यात वाचलं. चूक केली म्हणा, पण त्या जिन्यात मी एकतीस वर्षं वाचत आले होते. आत मोठ्या बाईंच्या नावे अर्ज होता. कौटुंबिक कारणास्तव आपण नोकरी पुढे चालू ठेवू शकत नाही, तरी स्वेच्छानिवृत्ती मिळावी. अक्षर नेहमीसारखं, प्रत्येक काना सरळ.

मी जिन्यातच थांबले. बाईंची दोन वर्षं राहिली होती. कुटुंब म्हणाल तर घरात एक आई, ब्याऐंशीची, रोज सकाळी स्वतः खाली उतरून मासळीवालीशी भांडणारी. तिचं कसलं कारण? खोटं लिहितानाही बाईंचं अक्षर हललं नव्हतं.

अर्ज दाबून ठेवावा असं मनात आलं. पण मी आयुष्यात एक कागद अडवलेला नाही. ज्याचा त्याला पोचवला. हाही पोचवला. क्लार्कने आवक रजिस्टरात त्याची नोंद केली, नंबर टाकला आणि मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवला. मोठ्या बाई कसल्याशा बैठकांना गेल्या होत्या, सोमवारी येणार होत्या. म्हणजे बाईंकडे सोमवारपर्यंत वेळ होता, आणि अर्जातलं कारण खोटं आहे हे त्यांच्याशिवाय फक्त मला माहीत होतं.

गुरुवारी शाळा सुटल्यावर मी बाहेर बाकावर बसले नाही. झाडू घेऊन आत गेले आणि बाईंच्या मागे उभी राहिले.

त्यांच्या डाव्या हाताला कॅटलॉग उघडा. त्या एक आकडा बघायच्या, एका बोटाने दाबायच्या, पुन्हा बघायच्या. सावकाश, पण चाललं होतं. तीस मुलं झाली. एकतिसाव्याला त्यांनी हात मागे घेतला. तोंडाने च्च केलं. मग वरच्या कोपऱ्यातल्या फुलीवर बाण नेला आणि सगळं बंद केलं. पडदा निळा झाला. त्यांनी पुन्हा उघडलं. पहिलं नाव. सगळ्या चौकटी कोऱ्या.

"अहो, हे काय केलंत?"

त्या दचकल्या. "तुम्ही कधी आलात?"

"तीस पोरं भरली होती की!"

"एकतिसाव्याला सोळाच्या जागी अठरा पडले."

"मग अठरा खोडा आणि सोळा लिहा."

"खाडाखोड नको मावशी."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं आणि मी हसले. मोठ्याने हसले. सोमवारपासून ही बाई एक आकडा चुकला की सगळं पुसून पहिल्यापासून सुरू करत होती, जसं कॅटलॉगाचं पान बिघडलं की ती घरी नेऊन नवं पान आखून आणायची तसं. पानाच्या शेवटी हिरवं बटण होतं, ते दाबेपर्यंत काहीच साठत नव्हतं. आणि त्रेचाळीस मुलांमध्ये कुठेतरी बोट घसरणारच.

"हसू नका," बाई म्हणाल्या. आवाज वर्गातला.

मग त्यांनी सांगितलं. नोकरीचं पहिलं वर्ष होतं, दुसऱ्या शाळेत. एका मुलाचे गुण त्यांनी चुकून कमी लिहिले, लक्षात आल्यावर खोडून वाढवले, बाजूला सही करायची राहिली. कुणीतरी ते पाहिलं. तेव्हाच्या हेडसरांनी भरल्या शिक्षक-खोलीत त्यांना उभं केलं आणि विचारलं, "कुणाच्या सांगण्यावरून वाढवले?" त्या बावीस-तेवीसच्या. तोंडातून शब्द फुटला नाही. न बोलणं म्हणजे कबूल करणं, असंच सगळ्यांनी धरलं. पुढच्या वर्षी त्यांनी ती शाळा सोडली.

"तेव्हापासून मी खोडलं नाही," त्या म्हणाल्या. "आणि इथे तर कोण बघतंय तेही कळत नाही."

मी झाडू भिंतीला टेकवला. मला राग आला होता, त्या कुठल्याशा हेडसरांचा, पण ते बोलून काय उपयोग. मी म्हटलं, "कागदावर खाडाखोड झाली तर नियम काय?"

"एक आडवी रेघ मारायची, वर बरोबर आकडा लिहायचा, बाजूला सही. हेडची सही."

"मग खोडा आणि सही करा."

"काचेवर करू सही?"

मी त्याच खोलीतलं कपाट उघडलं आणि सूचना वही काढली. अर्धी कोरी पडली होतीच. झटकून त्यांच्या पुढ्यात ठेवली. "इथे करा. तिथे खोडलं की इथे लिहायचं. काय होतं, काय केलं, सही. मी साक्षीदार."

"तुम्ही?"

"का? माझी सही चालत नाही? पगाराला एकतीस वर्षं चालली."

बाईंनी माझ्याकडे बघितलं, मग वहीकडे. मग पिशवीतून पट्टी काढली. पहिली पंधरा मिनिटं त्यांनी रकाने आखण्यात घालवली. अनुक्रमांक, विद्यार्थ्याचा हजेरी क्रमांक, आधी पडलेला आकडा, बरोबर आकडा, सही, साक्षीदाराची सही. वर मधोमध मथळा, खाली दुहेरी रेघ. मी घड्याळाकडे बघत होते. पण अडवलं नाही. इतक्या दिवसांत त्यांचा हात पहिल्यांदाच घाबरत नव्हता.

मी कॅटलॉग वाचायला घेतला, त्यांनी भरायला. अकराव्या मुलाला चौदाच्या जागी चव्वेचाळीस पडले. त्यांचं बोट सवयीने वरच्या फुलीकडे निघालं.

"बाई," मी म्हटलं.

बोट थांबलं. खोडायचं बटण मी दाखवलं, उजवीकडे वर, मागे जाणाऱ्या बाणाचं. त्यांनी ते असं दाबलं जसं तव्याला बोट लावून बघतात. एक चार गेला. पुन्हा दाबलं. दुसराही गेला. मग त्या पडद्याच्या अगदी जवळ गेल्या आणि चष्मा वर करून चौकटीत बघत राहिल्या.

"गेलं?"

"गेलं."

"खूणच नाही काही?"

"नाही."

मला वाटलं, आता सुटल्यासारखं वाटेल. पण त्या म्हणाल्या, "हे बरोबर नाही मावशी. खूण राहायला हवी. उद्या कुणी बदललं तर कळणार कसं?"

मी पुष्कळदा त्यावर विचार केला आहे. मी त्यांना भित्र्या समजत होते, पण त्या बोलल्या ते काही चुकीचं नव्हतं. कॉम्प्युटर भराभर चालवणाऱ्या एकाच्याही डोक्यात हा प्रश्न आलेला मी ऐकला नव्हता. त्या दिवशी मात्र म्हटलं, "म्हणून तर वही आहे. लिहा."

त्यांनी लिहिलं. हजेरी क्रमांक अकरा, चव्वेचाळीस, चौदा. सही केली. मी केली. पुढे चाललो.

विसाच्या पुढे मीच एक ओळ सोडून खालचे गुण वाचले. चष्मा माझाही जुना. बाईंनी आकडा भरला आणि थांबल्या. "या मुलीला तोंडीला एवढे कमी? शक्य नाही. तुम्ही ओळ सोडलीत."

"हो का?"

"हो का काय! ही चूक तुमची. आधी तुमची सही, साक्षीदार मी."

आणि खरंच माझ्याकडून सही घेतली. शेऱ्यात लिहिलं, 'वाचणाऱ्याची चूक'. मी म्हटलं, "फुकट काम करतेय, वर मेमो!" तेव्हा बाई त्या आठवड्यात पहिल्यांदा हसल्या.

त्रेचाळिसावा मुलगा भरला तेव्हा वहीत नऊ नोंदी होत्या. सात त्यांच्या, दोन माझ्या. हिरवं बटण दाबण्यापूर्वी त्यांनी सगळे आकडे पुन्हा पडताळले. मग दाबलं. पडद्यावर काहीतरी इंग्रजीत आलं. मी विचारलं, "काय म्हणतो?"

"जमा झालं म्हणतो."

त्या खुर्चीला टेकून बसल्या. मी खिडक्या लावायला लागले. शेवटची खिडकी लावताना पाठमोरीच म्हटलं, "बाई, तुमचा तो अर्ज मी वाचला."

मागे खुर्ची करकरली. मग आवाज आला. "पाकीट उघडलंत?"

"उघडंच होतं. कौटुंबिक कारण कुठलं ते? आई?"

"मग काय लिहायचं होतं? मला जमत नाही, असं?"

"लिहायचं होतं की. खरं तरी झालं असतं."

"मावशी, मुलं मला बघतात. फळ्याच्या जागी तो मोठा पडदा लावलाय वर्गात. नकाशा लावायला गेले आणि पोरांसमोर बंद पडला. मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, बाईंना येत नाही, बाईंना येत नाही. मी तीस वर्षं उभ्या उभ्या फळ्यावर महाराष्ट्र काढलाय. डोळे मिटून."

"मग काढा की फळ्यावर."

"फळा पडद्याच्या मागे गेलाय."

फळा खरंच मागे गेला होता, मीच सुतारासमोर उभी राहून लावून घेतलं होतं. मी म्हटलं, "आजच्याआधी खोडता येत नव्हतं, आज आलं. अर्ज तुमचा आहे, काय करायचं ते करा. मला कुलूप लावायचंय."

त्या उठल्या. सूचना वही उचलून त्यांनी माझ्या हातात दिली. "नीट ठेवा," एवढंच बोलल्या.

शुक्रवारी, शनिवारी त्या विषयावर आमच्यात शब्द झाला नाही. मीही विचारलं नाही. पण घरी भात दोनदा लागला.

सोमवारी मोठ्या बाई अजून यायच्या होत्या. मी ऑफिसात पाण्याच्या बाटल्या भरत होते. बाई आल्या आणि क्लार्कच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या.

"माझा अर्ज परत हवाय."

क्लार्क तसा भला माणूस, पण रजिस्टरापुढे त्याला देव दिसत नाही. तो म्हणाला, "बाई, आवक नंबर पडलाय त्याला. आता परत कसा देऊ? देऊन टाकला तर नंबर तसाच राहील आणि कागद नाही. मग नोंद रद्द करावी लागेल. रजिस्टरात खाडाखोड होईल."

बाईंनी रजिस्टराकडे बघितलं. मी हातातली बाटली तशीच धरून उभी राहिले, ती भरून वर वाहायला लागली.

"होऊ दे," बाई म्हणाल्या. "एक आडवी रेघ मारा. रद्द लिहा. मी सही करते."

"मोठ्या बाईंची पण लागेल."

"घेऊ. मी थांबते."

"आणि कारण काय लिहू?"

बाईंनी पेन त्याच्या हातातून घेतलं आणि शेऱ्याच्या रकान्यात स्वतः लिहिलं. मी बाटली ठेवून जवळ गेले आणि वाचलं. लपूनछपून नाही, त्यांच्या खांद्यावरूनच. 'कारण चुकीचे लिहिले होते.' खाली सही, तारीख.

क्लार्क माझ्याकडे बघून म्हणाला, "मावशी, पाणी सांडलंय बघा सगळीकडे."

"दिसतंय मला," मी म्हटलं, आणि पोछा आणायला गेले.

बाईंनी पुढची दोन वर्षं पूर्ण केली. त्या काही कॉम्प्युटरमध्ये हुशार वगैरे झाल्या नाहीत. शेवटपर्यंत एकाच बोटाने भरायच्या. वर्गातला पडदा बंद पडला की दुसऱ्या बाकावरच्या मुलीला उठवून सांगायच्या, "ये, तू लाव, तोवर मी तोंडी सांगते." पण त्यांनी प्रत्येक वर्षी गुण स्वतः भरले, शेजारी खाडाखोडीची वही उघडी ठेवून. दुसऱ्या वर्षी बघते तर पी.टी.चे सर त्यांच्याकडे ती वही मागायला आलेले. त्यांनी एका मुलाचे आकडे उलटे भरले होते आणि आता आधी काय होतं ते आठवत नव्हतं. बाई म्हणाल्या, "वडापाव खात भरा अजून." पण रकाने आखून दिले.

आता त्याही घरी आणि मीही घरी. त्या पूर्वेला राहतात, मी पश्चिमेला. फार भेट होत नाही, माझे गुडघे पुलाच्या पायऱ्यांना नाही म्हणतात. फोनवर बोलणं होतं. त्यांची आई अजून आहे, मासळीवाली बदलली.

गेल्या आठवड्यात दुपारी फोन वाजला. बाईंचा संदेश आला होता, पण उघडेपर्यंत नाहीसा झाला. त्या जागी ओळ होती, हा संदेश खोडला आहे. मी लगेच फोन लावला.

"काय खोडलंत?"

"अहो, आईच्या साखरेचा रिपोर्ट डॉक्टरांना पाठवायचा तो तुम्हाला गेला. बघितलंत मावशी? आता खोडलं की खूण राहते. कुणाला तरी अक्कल आली."

"मग झालं तर. आता सही नको."

त्यांनी फोन ठेवला. पाच मिनिटांनी फोटो आला. पांढरा कागद, पट्टीने आखलेली रेघ, छापल्यासारखं अक्षर. 'चुकून पाठवले, खोडले.' पूर्ण सही, तारीख. खाली 'साक्षीदार' असं लिहून पुढची जागा रिकामी सोडलेली.

मी चष्मा शोधला, मग पेन शोधलं.